स्वस्ताई आणि स्वातंत्र्य : अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी कायद्याची वाटचाल

इसवी सन १७७३ च्या डिसेंबर महिन्यात, सोळा तारखेच्या रात्री, अमेरिकेतील बॉस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकून देण्यात आल्या, ही हकीकत शाळेत इतिहास शिकलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. प्रतिनिधित्वावाचून कर नाही, या तत्त्वासाठी हे घडले असे आपण वाचलेले असते, आणि ते खरेही आहे. परंतु या प्रसंगाची दुसरी एक बाजू सहसा सांगितली जात नाही. तो चहा महाग नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा करून ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा वसाहतींत परस्पर विकण्याची मुभा आणि जकातीत सूट दिली होती. कराची रक्कम धरूनही हा चहा चोरट्या मार्गाने येणाऱ्या डच चहाच्या खाली उतरेल, असा हिशेब होता. मग स्वस्त चहा लोकांनी पाण्यात का टाकला? एक कारण करातच होते. दुसरे कारण असे की, कंपनी आपल्या ठरावीक आडत्यांमार्फतच माल विकणार होती. बाकीच्या व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता. आणि आज चहा कंपनीच्या मुठीत गेला तर उद्या दुसरा माल जाणार नाही कशावरून, अशी धास्ती लोकांना वाटत होती. ही धास्ती पोकळ नव्हती. व्यापाराची मक्तेदारी घेऊन आलेली हीच कंपनी पुढे कोठवर पोचली, हे १८१८ साल पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको.

वस्तू स्वस्त मिळत असेल तर ती विकणारा एकटाच असला म्हणून बिघडले काय? आजच्या विवेचनाचा प्रश्न एवढाच आहे. वरवर पाहता तो अगदी सोपा वाटतो. परंतु अमेरिकेतील विधिमंडळ, न्यायालये, विद्यापीठे आणि सामान्य लोक गेली सव्वाशेहून अधिक वर्षे या प्रश्नाशी झगडत आहेत, आणि प्रत्येक पिढीने त्याचे निराळे उत्तर दिले आहे. विशेष असे की, ज्या कायद्याच्या आधारे ही उत्तरे दिली गेली त्याचा मूळ मजकूर फारसा बदललेला नाही.

विश्वस्तांचे राज्य

व्यापाऱ्यांनी संगनमत करून लोकांस नाडू नये, हा विचार तसा प्राचीन आहे. एकजूट करून माल अडवून ठेवणाऱ्या आणि अवाजवी भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक हजार पणांचा दंड सांगितला आहे. इंग्लंडात राजाने मर्जीतल्या लोकांना मक्ते वाटण्याच्या प्रथेला १६२४ च्या कायद्याने पायबंद घातला. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेपुढे जे संकट उभे राहिले ते या दोहोंपेक्षा वेगळे होते. येथे राजाने कोणाला सनद दिलेली नव्हती, की बाजारपेठेतील चार व्यापारी रात्री गुपचूप एकत्र बसले नव्हते. एक कारखाना आपल्याच बळाने वाढत वाढत साऱ्या धंद्याएवढा झाला होता.

जॉन रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० साली ओहायो राज्यात स्थापन झाली. खनिज तेल शुद्ध करून दिव्याचे तेल बनविणे हा तिचा धंदा. आपल्याकडे या तेलाला आपण रॉकेल म्हणतो, म्हणजे मूळचे ‘रॉक ऑइल’. माल मोठा असल्यामुळे रेल्वे कंपन्या रॉकफेलर यांना भाड्यात गुप्त सूट देत. १८७२ साली तर अशी योजना आखली गेली की, प्रतिस्पर्ध्याने पाठविलेल्या तेलाच्या भाड्यातलाही काही हिस्सा रॉकफेलर यांच्या गटाला परत मिळावा. ती योजना ओरड झाल्यामुळे बारगळली. परंतु तिच्या धाकाने क्लीव्हलँड शहरातील बहुतेक प्रतिस्पर्ध्यांनी आपले कारखाने त्यांना विकून टाकले. दहा वर्षांत देशातील तेलशुद्धीचा सुमारे शेकडा ९० भाग धंदा एका हाती आला.

एका राज्यातील कंपनीला दुसऱ्या राज्यातील कंपन्यांचे भाग सहजासहजी घेता येत नसत. यावर वकिलांनी १८८२ साली तोड काढली. चाळीसएक कंपन्यांच्या भागधारकांनी आपले भाग नऊ विश्वस्तांच्या हवाली केले आणि त्या बदल्यात प्रमाणपत्रे घेतली. कागदोपत्री कंपन्या वेगळ्या राहिल्या, पण कारभार नऊ जणांचा झाला. धर्मादाय कामासाठी असलेला ‘ट्रस्ट’ हा शब्द येणेप्रमाणे मक्तेदारीचे नाव बनला. साखर, दारू, जवसाचे तेल अशा धंद्यांतही लवकरच ट्रस्ट निघाले. म्हणूनच पुढे या कायद्याला अमेरिकेत ‘अँटिट्रस्ट’ हे नाव पडले.

आता ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या काळात रॉकेल महागले नाही. उलट ते सतत स्वस्त होत गेले. १८७० च्या सुमारास गॅलनला पंचवीस सेंटांच्या आसपास असलेला भाव वीस वर्षांत दहा सेंटांच्या खाली आला. ज्या घरांत पूर्वी मेणबत्तीही जपून लावीत, तेथे रोज रात्री दिवा जळू लागला. रॉकफेलर यांच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण आजही देतात, आणि ते खोटे नाही.

तथापि लोकांचा संताप कमी झाला नाही. धंदा विकावा लागलेले छोटे कारखानदार, रेल्वेच्या भाड्याने पिचलेले पश्चिमेकडील शेतकरी, तेलविहिरींचे मालक अशा सर्वांची तक्रार केवळ भावाची नव्हती. आपण कोणास माल विकावा, कोणत्या गाडीने पाठवावा, धंद्यात राहावे की न राहावे, हे ठरविणारा एक परका मालक निर्माण झाला आहे, ही ती तक्रार होती. ओहायोचे सेनेटर जॉन शर्मन यांनी १८९० च्या मार्चमध्ये सेनेटपुढे हाच मुद्दा मांडला. राजकारणात ज्यांना राजा सोसवत नाही, त्यांनी जीवनावश्यक वस्तूंच्या उत्पादनावर, वाहतुकीवर आणि विक्रीवरही राजा सोसू नये, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. भावांची काळजी त्यांच्या भाषणात होतीच; परंतु ती एकटी नव्हती. २ जुलै १८९० रोजी अध्यक्ष हॅरिसन यांची सही होऊन शर्मन कायदा अस्तित्वात आला. प्रतिनिधिगृहात त्याच्या विरुद्ध एकही मत पडले नाही.

कायदा उलटला

हा कायदा अतिशय थोडक्या शब्दांत आहे. व्यापारास प्रतिबंध करणारा प्रत्येक करार, संयोग अथवा कट बेकायदा. आणि मक्तेदारी करणे किंवा करू पाहणे हा गुन्हा. मक्तेदारी म्हणजे काय, प्रतिबंध कशाला म्हणावे, याची व्याख्या त्यात नाही. ती करण्याचे काम न्यायालयांकडे गेले, आणि त्यांनी प्रारंभी ते असे केले की, कायदा करणारेही चकित व्हावेत.

देशातील शुद्ध साखरेचा शेकडा ९८ भाग धंदा ताब्यात घेणाऱ्या साखरसंघावर सरकारने खटला भरला. १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, साखर बनविणे म्हणजे उत्पादन. उत्पादन हा काही राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे. सबब हा कायदा लागू नाही. इकडे शिकागोत १८९४ साली पुलमन कंपनीच्या कामगारांच्या पाठिंब्यासाठी रेल्वे कामगारांनी संप केला, तेव्हा मात्र खालच्या न्यायालयाने याच कायद्याचा आधार घेऊन मनाईहुकूम काढला, आणि कामगारांचे पुढारी यूजीन डेब्स यांना तो मोडल्याबद्दल सहा महिने तुरुंगवास घडला. १९०८ साली टोप्या बनविणाऱ्या कामगारांच्या संघाने पुकारलेला बहिष्कारही याच कायद्याखाली बेकायदा ठरला, आणि पुढे साध्या कामगारांच्या घरांवर जप्तीची पाळी आली. बलाढ्यांना आवरण्यासाठी केलेला कायदा दुबळ्यांच्या एकजुटीवरच प्रथम चालला. १९१४ साली क्लेटन कायद्यात माणसाचे श्रम ही विकाऊ वस्तू नव्हे असे कलम मुद्दाम घालावे लागले, ते या अनुभवामुळे.

थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावर वारे फिरले. वायव्येकडील मोठ्या रेल्वेमार्गांना एकत्र बांधणारी मॉर्गन आणि हिल यांची कंपनी १९०४ साली पाच विरुद्ध चार मतांनी मोडण्यात आली. याच सुमारास आयडा टार्बेल या लेखिकेने ‘मॅक्ल्यूर्स’ मासिकातून १९०२ पासून स्टँडर्ड ऑइलचा इतिहास क्रमशः लिहिला. त्यांचे वडील पेन्सिल्व्हेनियातील तेलाच्या मुलखात धंदा करीत. या लेखांत भावाची चर्चा थोडी आणि गुप्त सवलती, धाकदपटशा व हेरगिरी यांचे पुरावे फार. लोकांनी ते उत्सुकतेने वाचले. १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करण्याचा हुकूम कायम केला.

हा लोकांचा मोठा विजय खराच. परंतु त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश व्हाइट यांनी एक नवी कसोटी घातली. प्रत्येक प्रतिबंध बेकायदा नव्हे. जो अवाजवी असेल तोच बेकायदा. न्यायमूर्ती हार्लन यांनी यावर कडक आक्षेप घेतला. कायद्यात नसलेला शब्द न्यायालयाने त्यात घुसडला, असे त्यांचे म्हणणे होते. गुलामगिरी नुकतीच संपलेल्या देशात, मूठभरांच्या हाती साठलेल्या भांडवलातून दुसऱ्या प्रकारची गुलामगिरी येईल, या भीतीने लोकांनी १८९० साली कायदा मागितला होता, याची आठवण त्यांनी करून दिली. वंशभेदाला मान्यता देणाऱ्या १८९६ च्या निकालात एकट्याने भिन्न मत देणारे न्यायमूर्ती ते हेच. वाजवी काय आणि अवाजवी काय हे ठरविण्यास काही तरी माप हवे. ते माप कोणते, हा वाद तेव्हा सुरू झाला तो आजही चालू आहे. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, तुकडे झाल्यावर त्या कंपन्यांच्या भागांच्या किमती चढल्या, आणि रॉकफेलर पूर्वीपेक्षा अधिक श्रीमंत झाले.

मोठेपणाचे भय

पुढची पन्नास वर्षे जे माप प्रभावी ठरले त्याचे प्रमुख भाष्यकार लुई ब्रँडाइस. हे बॉस्टनचे वकील, १९१२ च्या निवडणुकीत वुड्रो विल्सन यांचे सल्लागार, आणि १९१६ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. रूझवेल्ट यांचे म्हणणे असे की, मोठे उद्योग राहणारच. सरकारने त्यांवर देखरेख ठेवावी. ब्रँडाइस यांना ते पटत नव्हते. अतिमोठा उद्योग अकार्यक्षम असतो, असे तर ते म्हणतच. पण त्यांचा खरा आक्षेप निराळा होता. ज्या माणसाला दिवसभर दुसऱ्याच्या हुकमतीखाली वागावे लागते, तो संध्याकाळी स्वतंत्र नागरिक कसा होणार? छोटा दुकानदार, छोटा कारखानदार, शेतकरी हे त्यांच्या मते लोकशाहीचे आधार होते. १९१४ सालचा क्लेटन कायदा आणि फेडरल ट्रेड कमिशनची स्थापना यांमागे ही विचारसरणी होती.

मध्यंतरी या विचाराला ओहोटी लागली. केवळ मोठा आकार हा गुन्हा नव्हे, असे १९२० साली पोलाद कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले. परंतु दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा वारे पालटले. जर्मनीत मूठभर उद्योगसंघांनी हिटलरला हात दिला, हे जगाने पाहिले होते. १९४५ साली अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी लिहिले की, आर्थिक लाभ-हानी बाजूला ठेवली तरी, लोकांनी थोड्यांच्या आज्ञेत राहण्यापेक्षा अनेक छोट्या उत्पादकांची व्यवस्था पसंत करणे शक्य आहे, आणि या कायद्यामागे तो हेतू होता. १९५० साली काँग्रेसने कंपन्यांच्या एकत्रीकरणावरील निर्बंध आणखी कडक केले. १९६२ साली ब्राउन शू या जोड्यांच्या कंपनीच्या खटल्यात सरन्यायाधीश वॉरन यांनी तर स्वच्छ शब्दांत मान्य केले की, धंदा विखुरलेला ठेवल्याने क्वचित खर्च आणि भाव वाढतील. काँग्रेसने ही गोष्ट समजून उमजून विकेंद्रीकरणाच्या बाजूने कौल दिला आहे.

या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते. परंतु त्याची किंमत कोणी भरावयाची? जोडा विकत घेणाऱ्या गरिबाने. १९६६ साली लॉस एंजेलिस शहरातील किराणा मालाच्या दोन दुकान-साखळ्यांचे एकत्रीकरण न्यायालयाने बेकायदा ठरविले. दोघांचा मिळून शहरातील विक्रीत वाटा होता शेकडा साडेसात. सरकार दर वेळी जिंकते, याखेरीज या निकालांत सुसंगती दिसत नाही, असा टोला न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी आपल्या भिन्न मतात मारला. कायदा दुबळ्यांचे रक्षण करता करता आळशांचेही रक्षण करू लागला, ही टीका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

शिकागोचा हिशेब

ही टीका शास्त्रशुद्ध रीतीने मांडली शिकागो विद्यापीठातील मंडळींनी. तेथे अ‍ॅरन डिरेक्टर हे अर्थशास्त्रज्ञ कायद्याच्या वर्गात येऊन प्रत्येक खटल्याला एकच प्रश्न विचारीत : यात गिऱ्हाइकाचे नुकसान नेमके कसे होते? त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट बोर्क यांनी १९७८ साली ‘द अँटिट्रस्ट पॅराडॉक्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचा सिद्धान्त असा की, या कायद्याचा हेतू एकच, आणि तो म्हणजे ग्राहकहित. छोट्यांना वाचविणे, सत्ता विखुरणे, समाजाची घडी राखणे ही न्यायालयाची कामे नव्हेत. भाव वाढला काय आणि उत्पादन घटले काय, एवढे पाहावे. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या ग्रंथाचा हवाला देऊन शर्मन कायद्याचे वर्णन ग्राहकहिताचा उपाय असे केले.

शर्मन यांच्या भाषणातून केवळ ग्राहकहित काढण्यासाठी बोर्क यांना बरेच काही सोडून द्यावे लागले, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मग हा विचार इतक्या लवकर का रुजला? आमच्या मते याचे कारण असे की, भाव मोजता येतो. स्वातंत्र्य मोजता येत नाही. न्यायाधीशाला आकड्यांवर निकाल देता येणे ही मोठी सोय आहे, आणि मनमानीला त्याने आळाही बसतो. शिवाय १९७० नंतर महागाईने आणि परदेशी मालाच्या स्पर्धेने अमेरिकन लोक गांजलेले होते.

नव्या धोरणाचे दर्शन ८ जानेवारी १९८२ रोजी एकदम घडले. त्या दिवशी सरकारने आयबीएम या संगणक कंपनीवरील तेरा वर्षे चाललेला खटला मागे घेतला, आणि त्याच दिवशी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने आपले तुकडे करण्यास संमती दिली. दोन्ही निर्णय एकाच अधिकाऱ्याचे, विल्यम बॅक्स्टर यांचे, आणि दोन्हींमागे एकच हिशेब होता. त्यानंतर मात्र तुकडे कमी झाले आणि जोडण्या वाढल्या. १९११ साली वेगळ्या झालेल्या स्टँडर्ड ऑइलच्या दोन मोठ्या शाखा १९९९ साली एक्सॉनमोबिल या नावाने पुन्हा एक झाल्या. २००० साली एका न्यायाधीशाने मायक्रोसॉफ्ट कंपनीचे दोन भाग करण्याचा हुकूम दिला. वरिष्ठ न्यायालयाने पुढील वर्षी कंपनीचा दोष कायम ठेवून तो हुकूम रद्द केला.

फुकट मालाचे कोडे

भावाचे माप हाती असणाऱ्या या विचारापुढे एकविसाव्या शतकाने एक विलक्षण कोडे टाकले. इंटरनेटवर माहिती शोधून देणारी कंपनी गिऱ्हाइकाकडून दमडीही घेत नाही. जेथे भावच शून्य, तेथे भाव वाढला काय, या प्रश्नाला अर्थ काय राहिला? २०१७ साली लिना खान या येल विद्यापीठातील विद्यार्थिनीने अ‍ॅमेझॉनवर एक दीर्घ लेख लिहिला, आणि त्याच्या शीर्षकात बोर्क यांच्या ग्रंथाचे नाव मुद्दाम खेळविले. जी कंपनी बाजारपेठ चालविते तीच त्या पेठेत दुकानही मांडते, तेव्हा बाकीच्या दुकानदारांचे काय होते, असा त्यांचा सवाल होता. रॉकफेलर यांना मिळणारी रेल्वेची गुप्त सूट आठवली म्हणजे या सवालाचे मूळ किती जुने आहे हे कळते. पुढे २०२१ ते २०२५ या काळात त्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्षाही झाल्या.

५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की, गूगल ही मक्तेदार कंपनी असून तिने १८९० चाच कायदा मोडला आहे. फोन आणि ब्राउझर यांत आपलीच सेवा आधीपासून बसविलेली असावी यासाठी या कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले होते. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगताना न्यायाधीशांनी कंपनीचा ब्राउझर विकावयास लावण्याची सरकारची मागणी अमान्य केली, आणि एकमेव राहण्याचे करार बंद करणे व काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देणे एवढ्यावर भागविले. म्हणजे दोष शर्मन यांच्या भाषेत आणि शिक्षा सावध हिशेबाच्या भाषेत. हा वाद मिटलेला नाही, हेच यावरून दिसते.

आपल्या देशानेही हाच रस्ता थोड्या अंतराने तुडविला आहे. संपत्ती व उत्पादनाची साधने थोड्यांच्या हाती एकवटून लोकहिताला बाध येऊ नये, असे आपल्या राज्यघटनेचे ३९ वे कलम सांगते. त्याला धरून १९६९ साली मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारप्रथा यांवरील कायदा झाला. त्याचा रोख एकवटण्यावरच होता. परवान्यांच्या जंजाळात सापडून तो निष्प्रभ ठरला. त्याच्या जागी २००२ सालचा स्पर्धा कायदा आला. त्याच्या प्रस्तावनेत ग्राहकांचे हित आणि व्यापाराचे स्वातंत्र्य ही दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेली आहेत. त्याखालील आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. ती दोन उद्दिष्टे एकमेकांशी भांडू लागली तर कोणाची बाजू घ्यावयाची, हे प्रस्तावनेत सांगितलेले नाही.

पदरी मोजके पैसे असणाऱ्या माणसाला स्वस्ताई ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि तिला तुच्छ लेखून केलेला कोणताही कायदा टिकणार नाही, हा शिकागोचा धडा आम्हांला मान्य आहे. परंतु बॉस्टनचा चहा आणि क्लीव्हलँडचे रॉकेल ही दोन्ही स्वस्तच होती, हेही विसरता येत नाही. भावाचे माप न्यायालयाच्या सोयीचे आहे म्हणून तेच कायद्याचे उद्दिष्ट झाले, आणि हा फेरबदल काँग्रेसमध्ये मतदान होऊन झाला नाही. तो वर्गात, ग्रंथांत आणि निकालपत्रांत झाला. अर्थशास्त्रज्ञाने भाव काढून द्यावा, न्यायाधीशाने पुरावा तोलावा, हे योग्यच. किती स्वस्ताईसाठी किती परावलंबन पत्करावयाचे, हे मात्र त्या दोघांवर सोपविता येत नाही. १८९० साली ते शेतकऱ्यांनी आणि छोट्या व्यापाऱ्यांनी बोलून दाखविले होते, म्हणून कायदा झाला. पुढच्या खेपेसही ज्यांना त्याची झळ लागते त्यांनाच ते बोलावे लागेल.